फ्रीलान्सरशी लेखी करार करताना: "काम झालं" म्हणजे काय, हे आधी ठरवा

सांगलीतला एक मसाला उद्योग पुण्यातल्या डिझायनरकडून लोगो आणि बारा पाकिटांची डिझाइनं करून घेतो आहे, असं धरू. रक्कम ९०,००० रुपये. बोलणं फोनवर झालं, "तुम्ही सुरू करा, पैशाचं बघू" असं म्हणून काम सुरूही झालं. तोंडी करारही भारतीय करार कायदा, १८७२ नुसार करारच असतो. अडचण येते ती तो सिद्ध करताना.

अशा व्यवहारात बहुतेक वेळा कोणी कोणाला फसवायला निघालेलं नसतं. भांडण होतं ते "काम झालं" म्हणजे नेमकं काय झालं, यावरून. मालकाच्या मते पाकिटं छापून दुकानात लागली की काम झालं. डिझायनरच्या मते फाइल पाठवली त्या दिवशीच ते झालं. शेवटचा हप्ता कधी द्यायचा, हक्क कोणाचे, मुदत कधी मोजायची, या सगळ्या गोष्टी त्या एका उत्तरावर लटकलेल्या असतात. म्हणून करार लिहायला बसाल तेव्हा त्या उत्तरापासून सुरुवात करा. वेबसाइट करणारे, अनुवादक, सोशल मीडिया सांभाळणारे, हिशेब लिहून देणारे यांच्या करारालाही हीच पद्धत चालते.

आधी परिशिष्ट, मग करार

इंटरनेटवरून इंग्रजी नमुना उतरवून त्यात नावं भरली की करार झाला, असं समजू नका. त्या नमुन्यात वीस कलमं असतात आणि कामाची जागा मात्र रिकामी. उलट करा: कामाची यादी आधी लिहा, तिला "परिशिष्ट अ" म्हणा आणि कराराची कलमं नंतर तिच्याभोवती बांधा. आपल्या उदाहरणातलं परिशिष्ट असं होईल:

१. लोगो: सुरुवातीला ३ पर्याय, निवडलेल्या एका पर्यायावर पुढचं काम.
२. पाकिटं: १२ डिझाइनं (६ मसाले, प्रत्येकी ५० ग्रॅम आणि २०० ग्रॅम).
३. करेक्शन: प्रत्येक डिझाइनला २ फेऱ्या. एका फेरीतले सगळे बदल एकाच ईमेलमध्ये.
४. द्यायच्या फाइल: छपाईसाठी पीडीएफ आणि ओपन फाइल (जिच्यात पुढे बदल करता येतात ती मूळ फाइल).
५. मालकाने द्यायचं: मजकूर, घटकपदार्थांची यादी, पोषणमूल्यांचा तक्ता, एफएसएसएआय परवाना क्रमांक, बारकोड, पाकिटाची डाय-लाइन (पाकीट कुठे कापायचं, कुठे दुमडायचं हे दाखवणारा आराखडा).
६. यात धरलेलं नाही: फोटो काढणं, छपाई, छापखान्यात जाऊन देखरेख, मजकुराचं भाषांतर.

यातली सहावी ओळ सगळ्यात जास्त कामाची, आणि नेमकी तीच लोक लिहीत नाहीत. "एवढं तर त्यात येतंच ना?" हा प्रश्न तिथेच मिटतो. चौथ्या ओळीतला "ओपन फाइल" हा शब्दही मुद्दाम घाला. पुढे ५०० ग्रॅमचं पाकीट काढायचं ठरलं की ती फाइल लागते, आणि ती द्यायची ठरली होती की नाही, यावर चांगल्या ओळखीतही कडवटपणा येतो.

करेक्शन कशाला म्हणायचं, तेही दोन वाक्यांत लिहून ठेवा. रंग, अक्षराचा आकार, मजकुरातली दुरुस्ती हे करेक्शन. मंजूर झालेल्या डिझाइनची मांडणीच बदलायची असेल तर ते नवं काम, आणि त्याचा दर प्रत्येक डिझाइनमागे अमुक रुपये. दर आधी लिहिलेला असला की वादाऐवजी नुसता हिशेब उरतो.

आता मंजुरी. मालकाकडून मंजुरी देणारी व्यक्ती एकच ठेवा आणि तिचं नाव व ईमेल करारात लिहा. भाऊ एक सांगतो, मार्केटिंगवाला दुसरं आणि शेवटी वडिलांना लाल रंग नको असतो; अशा वेळी दोन फेऱ्यांच्या चार कधी होतात, कळतही नाही. पुढचं वाक्य असं हवं: "फाइल ईमेलने पाठवल्यापासून ७ दिवसांत लेखी हरकत न आल्यास ते डिझाइन मंजूर समजले जाईल." हे वाक्य नसेल तर कामाचा शेवट कायम मालकाच्या सवडीवर राहतो.

पाकिटाच्या कामात आणखी एक मुद्दा आहे. मसाल्याची लॅमिनेटेड पाकिटं ग्रॅव्ह्युर पद्धतीने छापायची तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. सिलिंडर कोरून झाल्यावर वजनात किंवा परवाना क्रमांकात चूक सापडली तर ते सिलिंडर वाया जातात. म्हणून सिलिंडरला देण्याआधीची शेवटची तपासणी आणि सही मालकाची, असं स्पष्ट लिहा. मजकूर मालकाने दिला, तर त्यातली चूक मालकाची. दिलेला मजकूर उतरवताना झालेली चूक डिझायनरची, आणि ती तो मोफत दुरुस्त करेल. मालकाकडून मजकूर यायला जितके दिवस उशीर होईल, तितके दिवस कामाची मुदत पुढे जाईल, हेही तिथेच लिहा.

पैसे: टप्पे, टीडीएस, जीएसटी

हप्ते तारखांना बांधू नका, टप्प्यांना बांधा. ९०,००० चे तीन भाग: सहीबरोबर ३० टक्के म्हणजे २७,०००, बारा डिझाइनांचा पहिला मसुदा दिल्यावर ४० टक्के म्हणजे ३६,०००, उरलेले २७,००० अंतिम मंजुरीनंतर, ओपन फाइल देण्याआधी. शेवटचा हप्ता "छपाई झाल्यावर" किंवा "माल बाजारात गेल्यावर" असा कधीही लिहू नका. छपाई डिझायनरच्या हातात नसते. दर महिन्याच्या कामाला बिलाची तारीख आणि त्यानंतर किती दिवसांत पैसे, एवढं पुरतं.

रकमेपुढे "जीएसटी वगळून" की "जीएसटीसह", हे लिहिलंच पाहिजे. डिझायनर जीएसटीत नोंदलेला असेल तर १८ टक्क्यांनी १६,२०० रुपये होतात. एक शब्द राहिला तर तेवढे कोणाच्या तरी खिशातून जातात. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी बंधनकारक होते. नोंदणी नसलेल्याला बिलात जीएसटी लावता येत नाही.

टीडीएस म्हणजे पैसे देतानाच मालकाने कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर. त्याचं गणित करारावर सही होण्याआधीच दोघांनी मिळून करावं. व्यावसायिक सेवा धरली तर १० टक्के, तांत्रिक सेवा धरली तर २ टक्के, ठेक्याचं काम धरलं आणि करणारी एकटी व्यक्ती असेल तर १ टक्का. कोणतं काम कशात बसतं, यावर मतभेद असतात, म्हणून मालकाच्या सीएने दर आधी सांगावा आणि तो करारात लिहावा. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापला जातो. म्हणजे १० टक्क्यांनी ९०,००० + १६,२०० = १,०६,२०० चं बिल, त्यातून ९,००० टीडीएस, आणि खात्यात येतात ९७,२००. डिझायनरला हा आकडा आधी माहीत असेल तर "पैसे कमी का आले" हा फोन होत नाही. पॅन दिला नाही तर कपात २० टक्क्यांवर जाते, तेव्हा पॅन क्रमांक कराराच्या पहिल्याच परिच्छेदात हवा. छोट्या मालकीच्या व्यवसायाला, म्हणजे आदल्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या आत असेल तर, या कपातीचं बंधन सहसा नसतं.

करारात प्राप्तिकराच्या कलमाचा आकडा मात्र टाकू नका. १९६१ च्या कायद्याच्या जागी प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. "त्या वेळी लागू असलेल्या दराने टीडीएस कापला जाईल व त्या तिमाहीचे प्रमाणपत्र दिले जाईल" एवढं वाक्य दीर्घकाळ टिकतं.

हक्क कोणाचे

पैसे दिले म्हणजे डिझाइन आपलं झालं, असं बहुतेक मालक धरून चालतात. कॉपीराइट कायदा, १९५७ असं म्हणत नाही. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या बाबतीत पहिला मालक स्वतः तो निर्माता, म्हणजे इथे डिझायनर. वेबसाइटचा कोड, अनुवाद, लेख यांनाही हेच लागू. फोटोचं उलट आहे: कोणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, पैसे देणारा असतो. त्यामुळे एकाच पाकिटावर फोटोचा हक्क मालकाकडे आणि मांडणीचा डिझायनरकडे, अशी स्थिती लेखी करार नसताना सहज तयार होते.

हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनेच करावे लागतात. ईमेलमधलं "ओके, तुमचंच आहे" यावर विसंबू नका. त्या लेखात कोणतं काम, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे सगळं हवं. इथे कायद्यातल्या तीन गोष्टी नकळत अंगावर येतात. मुदत लिहिली नाही तर हक्क फक्त ५ वर्षांसाठी दिले असं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते. मग दुबईत किंवा अमेरिकेत मसाला पाठवणाऱ्याची अडचण होते. आणि घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास, तो परत जातो. बारापैकी चार पाकिटं दीड वर्षाने बाजारात आणणाऱ्याला हे कलम थेट लागतं.

या तिन्ही गोष्टी बांधणारं कलम असं लिहिता येईल (लिहून देणार म्हणजे डिझायनर, लिहून घेणार म्हणजे मालक):

"परिशिष्ट अ मधील अंतिम मंजूर डिझाइनांचे छपाई, डिजिटल वापर, फेरफार व प्रसिद्धी यांसह सर्व कॉपीराइट, शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्याच्या तारखेपासून, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी व संपूर्ण जगासाठी, वर लिहिलेल्या ९०,००० रुपयांच्या मोबदल्यात लिहून देणार हे लिहून घेणार यांना देत आहेत. लिहून घेणार यांनी एखादा हक्क एका वर्षात न वापरला तरी तो परत जाणार नाही. नाकारलेले पर्याय व कच्ची रेखाटने यांवर हक्क लिहून देणार यांचाच राहील."

"शेवटचा हप्ता जमा झाल्याच्या तारखेपासून" हे शब्द डिझायनरसाठी सगळ्यात मोठं संरक्षण आहेत. पैसे पूर्ण मिळेपर्यंत हक्क हलत नाहीत आणि पैसे मिळाल्यावर मालकाला पुन्हा कोणाच्या मागे लागावं लागत नाही. दोघांनाही न्याय देणारी याहून सोपी तरतूद नाही. याखाली आणखी दोन ओळी घाला: डिझायनर हे काम स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवू शकतो, पण माल बाजारात आल्यानंतरच, आणि वापरलेले फाँट, विकत घेतलेली चित्रं यांचे परवाने कोणाच्या नावाने व कोणाच्या खर्चाने घेतले. फाँटचा परवाना डिझायनरच्या संगणकापुरता असेल तर ओपन फाइल मिळूनही मालकाला तो फाँट वापरता येत नाही.

पुढे कधी मालकाने पाकिटाच्या डिझाइनची कॉपीराइट नोंदणी करायची ठरवली तर निर्मात्याचं ना-हरकत पत्र मागतात. त्याचा नमुना करारासोबत जोडून, शेवटच्या हप्त्याबरोबर सही करून घेतला तर पाच वर्षांनी जुना फोन नंबर शोधत बसावं लागत नाही.

नोकर की स्वतंत्र व्यावसायिक

"हा नोकरीचा करार नाही" असं वाक्य जरूर घाला, पण त्या वाक्याने काम भागत नाही. वाद झाला तर न्यायालय कागदावरच्या नावापेक्षा प्रत्यक्ष संबंध बघतं: कामाची वेळ कोण ठरवतं, रजा मागावी लागते का, साधनं कोणाची, दुसरं काम घ्यायला बंदी आहे का, दर महिन्याला ठरावीक रक्कम जाते का. सकाळी दहा ते सहा ऑफिसात बसवून, कंपनीचा लॅपटॉप देऊन, शनिवारची हजेरी घेऊन त्याला फ्रीलान्सर म्हणत असाल तर करार कितीही नेटका असो, भविष्यनिर्वाह निधीपासूनचे प्रश्न उभे राहू शकतात. काय हवं ते मालक ठरवतो. कसं, कधी आणि कुठे बसून करायचं हे करणारा ठरवतो. वागणूकही तशीच हवी.

काम संपल्यावर दोन वर्षं दुसऱ्या मसालेवाल्याचं काम घ्यायचं नाही, अशी अट अनेक नमुन्यांत असते. करार कायद्याच्या कलम २७ नुसार व्यवसायाला अशी आडकाठी करणारी अट निरर्थक ठरते. त्यापेक्षा गोपनीयतेचं कलम नीट लिहा: मसाल्यांचं प्रमाण, पुरवठादार, बाजारात आणायची तारीख आणि भाव यांची माहिती काम चालू असताना व संपल्यावर अमुक वर्षं बाहेर द्यायची नाही. ते टिकतं.

मध्येच थांबलं तर

दोघांपैकी कोणालाही १५ दिवसांची लेखी सूचना देऊन थांबता यावं. मालकाने थांबवलं तर तोवर झालेल्या टप्प्यांचे पूर्ण आणि चालू टप्प्याचे झालेल्या कामाच्या प्रमाणात पैसे. डिझायनरने थांबवलं तर न झालेल्या कामाचा ॲडव्हान्स परत. उशिराचा दंड लिहायचा तर वाजवी लिहा. करार कायद्याच्या कलम ७४ खाली न्यायालय करारातल्या रकमेच्या मर्यादेत, पण वाजवी तेवढीच भरपाई देतं. "रोज ५,००० रुपये" लिहून हाती फार काही येत नाही.

वाद कुठे चालवायचा? पुणे किंवा सांगली लिहा. ज्या न्यायालयाला मुळात अधिकारच नाही, ते दोघांच्या संमतीनेही निवडता येत नाही. ९०,००० च्या कामाला लवादाचं कलम घालू नका, लवादाचा खर्चच डोईजड होतो. आधी समोरासमोर बसून ३० दिवसांत मिटवायचा प्रयत्न, एवढं पुरे.

मुद्रांक आणि सह्या

मराठीत लिहिलेला करार तितकाच पक्का असतो, आणि महाराष्ट्रात जिल्हा व तालुका पातळीच्या न्यायालयांची भाषाही मराठीच आहे. दोघांना नीट कळते त्या भाषेत लिहा.

महाराष्ट्रात आधी १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर होणाऱ्या करारांना ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये लागतात. साहित्यासकट ठेका किंवा मोठी रक्कम असेल तर शुल्क रकमेच्या प्रमाणात लागू शकतं. शंका असेल तर वकिलाकडून किंवा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून ठरवून घ्या. स्टॅम्प पेपर दोघांपैकी एकाच्या नावाने घ्या, तो सहा महिन्यांच्या आत वापरा आणि सहीच्या आधी घ्या. मुद्रांक कमी पडला म्हणून करार रद्द होत नाही, पण उरलेलं शुल्क आणि दंड भरेपर्यंत न्यायालयात तो पुरावा म्हणून चालत नाही. नोटरी आणि साक्षीदार या कराराला सक्तीचे नाहीत. दोन साक्षीदार घेतलेले बरे.

सही करणाऱ्याला अधिकार आहे का, हे बघा. एकट्याचा व्यवसाय असेल तर "अमुक मसाले तर्फे मालक" असं लिहून मालकाची सही. भागीदारी असेल तर भागीदाराची. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर संचालकाची किंवा अधिकारपत्र दिलेल्या माणसाची. पाटीवरचं नाव आणि पॅनवरचं नाव वेगळं असू शकतं, करारात पॅनवरचं येऊ द्या. प्रत्येक पानावर, परिशिष्टावरसुद्धा, दोघांच्या सह्या घ्या. सहसा विसरतं ते परिशिष्टच. अंतर असेल तर आधार ई-साइन चालते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार इलेक्ट्रॉनिक करार ग्राह्य आहे, मात्र मुद्रांक शुल्क त्यालाही भरा.

काम सुरू झाल्यावर होणारे बदल ईमेलने पक्के करा. व्हॉट्सॲपवर बोलणं झालंच तर त्याच दिवशी "आज ठरल्याप्रमाणे" असं लिहून दोन ओळींचा ईमेल टाका. व्हॉट्सॲपचे संदेश पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि तोवर फोन बदललेला असतो.

पैसे अडकले तर

डिझायनरने काम घेण्याआधीच उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी) करून घ्यावी. ती मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते, सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही मिळते. नोंदणी क्रमांक करारात आणि प्रत्येक बिलावर छापा. त्यानंतर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा पाठीशी येतो: लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करारात ९० दिवस लिहिले तरी ४५ च्या वर जाता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. मालकाला कामात खोट वाटत असेल तर त्याने १५ दिवसांत लेखी हरकत घ्यायची असते. दोन महिन्यांनी "आवडलं नाही" म्हणून चालत नाही.

याशिवाय सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च मालकाला त्या वर्षी प्राप्तिकरात वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासूनचा हा नियम मार्चमध्ये मालकाच्या सीएला आठवण करून देण्याजोगा आहे. एवढ्यानेही हललं नाही तर याच कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो.

वसुलीच्या दाव्याची मुदत पैसे देय झाल्यापासून ३ वर्षं. ती संपण्याआधी समोरच्याने सही करून बाकी मान्य केली, किंवा काही रक्कम दिली आणि तशी लेखी नोंद राहिली, तर त्या दिवसापासून ३ वर्षं नव्याने मोजली जातात. म्हणून "पुढच्या महिन्यात बघू" असा फोन आला तर बाकीचा आकडा आणि बिल क्रमांक लिहिलेल्या पत्रावर सही मागा, आणि मूळ तीन वर्षं भरायची तारीख बिलाच्या फाइलवरच लिहून ठेवा.